रक्तस्कंदनरोधक औषधे : उपद्रव आणि वैद्यवर्गाची सावधगिरी

आपल्या चिकित्सालयात येणारा साठीच्या पुढचा रुग्ण आज क्वचितच रिकाम्या हाताने येतो. त्याच्या पिशवीत रक्तदाबाची गोळी असते, मधुमेहाची असते आणि पुष्कळदा तिसरी एक बारीकशी गोळी असते, जिला तो 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. पहिल्या दोन गोळ्यांविषयी तो आपणहून सांगतो. तिसरीविषयी विचारल्यावाचून सांगत नाही. ती कशासाठी चालू आहे हे त्याला नीट ठाऊक नसते, किंवा आयुर्वेदीय औषधाशी तिचा काही संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. हा संबंध किती निकटचा आहे आणि तो न ओळखल्यास रुग्णाच्या जिवावर कसे बेतते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

'पातळ' या शब्दाने होणारा घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. या औषधांनी रक्त पाण्यासारखे होत नाही, की केवळ त्यांच्यामुळे पांडुरोगही होत नाही. रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, एवढेच. रक्तस्राव थांबवण्याचे जे चार उपाय सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले, त्यांत संधान, पाचन आणि दहन यांच्या जोडीला स्कंदन आहे. ही औषधे नेमकी त्या स्कंदनाच्या आड येतात, म्हणून त्यांना रक्तस्कंदनरोधक म्हणणे आम्हास अधिक योग्य वाटते. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही औषधे रक्तातील प्लेटलेट एकमेकींस चिकटू देत नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अथवा स्टेंट बसवलेल्या रुग्णांस ती प्रामुख्याने दिली जातात. दुसरा वर्ग प्रत्यक्ष रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या साखळीवर काम करतो. यात इंजेक्शनने दिले जाणारे हेपॅरिन, पोटात घ्यावयाची वॉरफेरिन व ॲसिनोकुमेरॉल, आणि अलीकडची डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान व ॲपिक्सॅबान ही औषधे येतात. ॲसिट्रॉम या व्यापारी नावाने आपल्या रुग्णांना परिचित असलेली गोळी म्हणजेच ॲसिनोकुमेरॉल होय.

कुजलेल्या चाऱ्यातून आलेले औषध

'वनौषधी, म्हणून निरुपद्रवी' असे वाक्य आपल्यापैकी काहींच्या जाहिरातींत अद्यापही छापले जाते. ज्यांना ते मनापासून खरे वाटते, त्यांनी वॉरफेरिनची जन्मकथा अवश्य वाचावी. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले की जनावराचे रक्त थांबतच नसे. फ्रँक स्कोफिल्ड या कॅनडातील पशुवैद्याने त्याचे कारण शोधले. मेथीच्या जवळच्या कुळातील स्वीट क्लोव्हर या वनस्पतीचा बुरशी आलेला चारा त्या गुरांच्या खाण्यात येत होता. तोच चारा नीट वाळवलेला असेल, तर जनावरांना काहीही होत नसे. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. त्याच्याजवळ मेलेली कालवड, शंभर पौंड खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठलेले रक्त होते. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये तशा चाऱ्यातील घातक द्रव्य वेगळे काढले. ते डायकुमेरॉल. त्याच्याच धर्तीवर तयार केलेले वॉरफेरिन १९४८ मध्ये बाजारात आले, ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून. मनुष्याच्या चिकित्सेसाठी त्याला १९५४ मध्ये मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

या कथेतील एक तपशील औषधनिर्मात्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. ताज्या वनस्पतीत असते ते सुगंधी कुमारिन, आणि ते रक्तास काही करीत नाही. ओल लागून बुरशी आली तेव्हाच त्याचे घातक द्रव्यात रूपांतर झाले. द्रव्यसंग्रहणाविषयी आपल्या ग्रंथांनी घालून दिलेले नियम केवळ द्रव्य वीर्यहीन होऊ नये एवढ्यासाठीच नाहीत. गोदामात ओल आलेले पोते उन्हात घालून पुन्हा कुटण्यास घेणे म्हणजे वीर्य घटण्याहून मोठी जोखीम पत्करणे होय.

निसरडी मात्रा

वॉरफेरिन व ॲसिनोकुमेरॉल ही औषधे यकृतात जीवनसत्त्व 'के' पुन्हा वापरात येऊ देत नाहीत. परिणामी रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी २, ७, ९ व १० या क्रमांकांचे घटक कार्यक्षम होत नाहीत. गोळी सुरू केल्यावर पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात आणि ती बंद केली तरी परिणाम तत्काळ सरत नाही. मात्रा किती द्यावी हे आयएनआर या रक्ततपासणीवरून ठरते. निरोगी मनुष्यात हा आकडा १ च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ या दरम्यान ठेवावयाचा असतो आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या द्विदल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारणतः २.५ ते ३.५. आकडा खाली घसरला तर गुठळीचे भय, फार वर चढला तर मेंदूत वा पोटात रक्तस्रावाचे. उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत इतके अल्प अंतर असलेली औषधे थोडीच आहेत. शोधित वत्सनाभ योजताना आपला हात जसा जपून चालतो, तसाच या गोळीवरील रुग्णाची चिकित्सा करतानाही चालला पाहिजे.

शिवाय हा आकडा एकाच रुग्णात एकाच मात्रेवर स्थिर राहतो असे नाही. ताप, अतिसार, अरुची, यकृताचे विकार यांनी तो वर जातो. आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती उपवासांची. श्रावणात किंवा नवरात्रात साबुदाणा, वरी आणि बटाटा यांवर दिवस काढणाऱ्या रुग्णाच्या पोटात पालेभाजी जात नाही. जीवनसत्त्व 'के'चा पुरवठा आटतो आणि गोळी तीच असूनही आयएनआर चढू लागतो. याउलट 'अंगात रक्त भरावे' म्हणून पालकाचा रस, गव्हांकुराचा रस अथवा शेवग्याच्या पानांचे चूर्ण एकाएकी सुरू केले, तर तो उतरू लागतो. पालेभाज्या वर्ज्य करा असा सल्ला अनेक रुग्णांना कोणीतरी दिलेला असतो. तो योग्य नाही. रोज साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात, हेच सांगावे. त्याच न्यायाने, अशा रुग्णास आपण लंघन सांगतो, तेव्हा आपण त्याच्या गोळीची मात्राही नकळत बदलत असतो. लंघन आवश्यकच असेल तर त्या काळात आयएनआर तपासून घेण्यास सांगावे.

आपल्यापैकी जे प्रसंगी आधुनिक औषधेही लिहितात त्यांच्यासाठी एक सूचना. जुलाबावर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल, बुरशीच्या विकारावरील फ्लुकोनॅझोल आणि को-ट्रायमोक्साझोल यांनी वॉरफेरिनचा परिणाम मोठ्या प्रमाणात वाढतो. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके जठराला व्रण करतात आणि प्लेटलेटचे कार्यही बिघडवतात. तुलनेने निर्धोक मानले जाणारे पॅरासिटामॉलदेखील रोज पूर्ण मात्रेत, अनेक दिवस घेतल्यास आयएनआर वाढवते.

गोळी बंद करा, असे सांगण्यापूर्वी

ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा निकामी होण्याचा विकार पाश्चात्त्य देशांतून जवळजवळ हद्दपार झाला. आपल्या देशात तो अद्याप आहे. त्यामुळे ऐन तिशीत धातूची झडप बसवलेल्या स्त्रिया आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. अशा रुग्णेस ही गोळी आजन्म घ्यावी लागते. ती वारंवार होणाऱ्या रक्ततपासणीला कंटाळलेली असते, पाळीत अंगावर अधिक जाते, हातापायांवर काळेनिळे डाग उठतात. मग एके दिवशी ती आपल्यासमोर बसून विचारते, 'डॉक्टर, या गोळीपासून सुटका होईल असं काही द्याल का?'

आमचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. धातूच्या झडपेवर गुठळी धरली की झडप अडकते आणि रुग्ण काही तासांत दगावू शकतो. गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. कोणताही आयुर्वेदीय कल्प या गोळीची जागा घेऊ शकतो असे दाखवणारा पुरावा आज उपलब्ध नाही. लसूण, हळद अथवा गुग्गुळ हे 'नैसर्गिक रक्त पातळ करणारे' म्हणून या गोळीच्या ऐवजी देणे ही आमच्या मते चिकित्सा नव्हे, दुसऱ्याच्या जिवावर खेळलेला जुगार आहे. यातील खरी अडचण अशी की गोळीचे उपद्रव डोळ्यांना दिसतात. डाग दिसतात, हिरड्यांतून येणारे रक्त दिसते. गोळी बंद केल्याचे अनिष्ट मात्र प्रत्यक्ष घडेपर्यंत दिसत नाही. मधल्या काळात रुग्णास बरे वाटते आणि वैद्यास यश आल्यासारखे भासते.

'नवी औषधे आली आहेत, ती घ्या, तपासणीची कटकट नाही' असेही परस्पर सुचवू नये. धातूच्या झडपा असलेल्या रुग्णांत डॅबिगॅट्रान देऊन पाहणारा प्रयोग गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ऱ्हुमॅटिक हृदयविकारामुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेल्या रुग्णांत रिव्हारोक्सॅबान जुन्या औषधांच्या तुलनेत कमी पडले, हे २०२२ मधील मोठ्या अभ्यासात दिसून आले आणि त्या अभ्यासात भारतीय रुग्णही होते. अन्य अनेक रुग्णांत ही नवी औषधे निश्चित उपयुक्त आहेत आणि मेंदूतील रक्तस्राव त्यांनी तुलनेने कमी होतो. परंतु त्यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो, त्यामुळे एक-दोन मात्रा चुकल्या तरी संरक्षण संपते. डॅबिगॅट्रान तर बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. वृक्क दुर्बल असलेल्या वृद्धात ते शरीरात साचत जाते.

स्त्रीरुग्णांबाबत दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. अंगावर अधिक जाते म्हणून रक्तप्रदर समजून अशोकारिष्ट वा लोध्राचे कल्प सुरू करण्यापूर्वी ती अशी गोळी घेते का हे विचारावे आणि घेत असेल तर आधी आयएनआर पाहावा. तो ५ आला तर तिला गरज अशोकाची नसून हृदयरोगतज्ज्ञाची आहे. दुसरी गोष्ट गर्भधारणेची. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफेरिन वर्गातील औषधांनी नासिकेच्या अस्थीत व अन्य अस्थींत विकृती होऊ शकते आणि गर्भास रक्तस्रावाचे भय पुढेही राहते. वंध्यत्वाची चिकित्सा अथवा गर्भाधानपूर्व शोधन मागण्यास आलेल्या स्त्रीच्या छातीवर मध्यभागी शस्त्रक्रियेचा व्रण असेल, तर तिच्या हृदयरोगतज्ज्ञाशी बोलल्यावाचून काहीही सुरू करू नये. पाळी चुकताच त्याच दिवशी तिने त्यांना भेटावे, हेही तिला आधीच सांगून ठेवावे. गोळी तिने स्वतःहून टाकून देणेही तितकेच घातक आहे.

स्टेंट बसवलेल्या रुग्णाची ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांबाबत हीच स्थिती आहे. पहिल्या काही महिन्यांत ती बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणघातक झटका येऊ शकतो. मात्र ॲस्पिरिनची दुसरीही बाजू आहे. ज्याला हृदयविकार वा पक्षाघात कधीही झालेला नाही, असा सत्तरीचा मनुष्य शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ७५ मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षे घेत असल्याचे आपण पाहतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा निरोगी वृद्धांना तिचा लाभ झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. अशा रुग्णास 'ही गोळी मला खरोखर हवी का' असा प्रश्न त्याच्या डॉक्टरांना विचारण्यास आपण अवश्य सुचवावे.

आपली द्रव्ये : काय ठाऊक आहे, काय नाही

या विषयावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. कोणी हळदीच्या चिमटीलाही भितो, तर कोणी आपल्या द्रव्यांनी काही होतच नाही असे छातीठोकपणे सांगतो. लसणाच्या द्रव्यांनी प्लेटलेटचे चिकटणे कमी होते हे प्रयोगशाळेत दिसते. रोज भरपूर लसूण खाणाऱ्या ८७ वर्षांच्या एका पुरुषास पाठीच्या कण्यात आपोआप रक्तस्राव झाल्याचा वृत्तान्त १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तथापि वॉरफेरिन घेणाऱ्यांत लसणाने आयएनआर वाढतोच, असे काटेकोर अभ्यासांनी सिद्ध झालेले नाही. सुंठीविषयीही तसेच. निरोगी स्वयंसेवकांवरील २००५ च्या अभ्यासात आल्याचा वॉरफेरिनवर परिणाम आढळला नाही. फोडणीतला लसूण आणि चहातले आले यांविषयी रुग्णास घाबरवण्याचे कारण नाही. लशुनक्षीरपाक किंवा लसणाच्या कॅप्सूल ही गोष्ट निराळी.

हळदीचेही तेच. आमटीतल्या हळदीने कोणाचे बिघडल्याचे ऐकिवात नाही. परंतु हळदीचा अर्क एकवटून, वर शोषण वाढावे म्हणून मिऱ्यातील पायपरीन घातलेल्या कॅप्सूल आज सर्वत्र विकल्या जातात. न्यूझीलंडच्या औषधनियंत्रकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. वॉरफेरिनवर स्थिर असलेल्या त्या रुग्णाने हळदीचे उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांतच आयएनआर १० च्या वर गेला. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नाही हे खरे, पण १० हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पायपरीन काही औषधांचे चयापचय मंदावते, त्यामुळे त्रिकटुयुक्त कल्पांबाबतही नव्या स्कंदनरोधक औषधांबरोबर सावध असावे. याचे रुग्णांवरील अभ्यास पुरेसे नाहीत, ही शंका शास्त्रीय तर्कावर आधारलेली आहे, हेही येथे नमूद करतो.

गुग्गुळ आपल्या नित्य वापरातला. त्याने प्लेटलेटवर परिणाम होतो असे प्रयोग आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९९४ मध्ये भारतीय संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टिआझेम या हृदयरोगावरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटले. म्हणजे गुग्गुळाने एखादे औषध वाढूही शकते आणि घटूही शकते. योगराज गुग्गुळ अशा रुग्णास देऊच नये असे आमचे म्हणणे नाही. द्यावयाचा तर एका वेळी एकच नवा कल्प सुरू करावा, मात्रा स्थिर ठेवावी, आठवड्याभरात आयएनआर पाहावा आणि कल्प बंद करतानाही पुन्हा पाहावा. बंद करतानाचा हा नियम हमखास विसरला जातो.

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित द्रव्य पोटात घेण्याचे नाहीच. ते आहे गंधपुरा तेल. वेदनाशामक तेले, मलम व बाम यांत ते मुक्तपणे घातले जाते आणि त्यात जवळजवळ सर्वच भाग मिथाइल सॅलिसिलेटचा असतो. हे ॲस्पिरिनचेच भावंड. त्वचेतून ते चांगले शोषले जाते, आणि चोळून वर शेक दिला तर अधिकच. असे तेल चोळणाऱ्या वॉरफेरिनच्या रुग्णांत आयएनआर वाढल्याच्या व रक्तस्राव झाल्याच्या नोंदी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकातच प्रसिद्ध केल्या होत्या. गुडघेदुखीचा वृद्ध रुग्ण 'औषध काय घेता' या प्रश्नावर तेलाचे नाव कधीच सांगत नाही. म्हणून 'अंगाला काय लावता' हा प्रश्न वेगळा विचारावा. अशा रुग्णास गंधपुरा नसलेले नारायण तेल वा सहचर तेल पुरेसे होते.

शोधन आणि शस्त्रकर्म

जळवांच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे १८८४ मध्ये हेक्राफ्ट यांनी दाखवले. हिरुडिन ते हेच. निरोगी मनुष्यातही जळू सुटल्यावर दंशातून काही तास रक्त झिरपत राहते. ज्याच्या रक्ताचे स्कंदन आधीच रोखलेले आहे त्यास जलौकावचरण करणे म्हणजे रोधावर रोध होय. अशा रुग्णांत जलौका, सिरावेध, प्रच्छान आणि रक्त काढणारी तुंबडी ही कर्मे वर्ज्य मानावीत. विद्धकर्म खोल स्नायूंत व सांध्याजवळ करू नये. स्नायूत दिली जाणारी इंजेक्शनेही टाळावीत.

वमनात दोन धोके आहेत. उबळीच्या ताणाने अन्ननलिकेच्या टोकास चीर पडून रक्तस्राव होऊ शकतो आणि त्या दिवशीची गोळी वेगासोबत बाहेर पडते. तीव्र विरेचनाने व त्यापाठच्या संसर्जनक्रमातील अल्पाहाराने आयएनआर चढतो. मृदू अनुलोमन, अभ्यंग आणि कटिबस्ती यांस सामान्यतः हरकत नाही, मात्र अभ्यंग हलक्या हाताचा असावा. जोर लावून केलेल्या मर्दनाने स्नायूत रक्त साकळते.

याच संदर्भात एक फसवे लक्षण सांगितले पाहिजे. अशी गोळी घेणारा रुग्ण एकाएकी उद्भवलेली कंबर-जांघेची वेदना घेऊन येतो, मांडी पोटाकडे ओढून धरतो, सरळ केल्यास ओरडतो, मांडीच्या पुढील भागास बधिरपणा असतो. गृध्रसी समजून त्यास पत्रपोट्टली शेक व मर्दन सुरू करण्याचा मोह होतो. परंतु कंबरेच्या आतील सोआस या स्नायूत रक्तस्राव झाल्यासही हेच चित्र दिसते. वेदना मांडीच्या मागून न जाता पुढून व जांघेतून जात असेल, चेहरा पांढरा पडत असेल, नाडी द्रुत असेल, तर शेक न देता रुग्णालयात पाठवावे.

रक्तस्राव ओळखताना

चरकाचार्यांनी रक्तपित्ताच्या चिकित्सेत बलवान व आहार घेणाऱ्या रुग्णात आरंभीच स्तंभन करू नये असे सांगितले आहे. दुष्ट रक्त आत कोंडल्याने अन्य व्याधी उद्भवतात, ही त्यामागील दृष्टी. औषधजन्य रक्तस्रावास हा नियम लावू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. येथे प्रकुपित रक्त बाहेर पडत नसते. निरोगी रक्त थांबण्याची सोयच काढून घेतलेली असते. वाट पाहणे येथे चूक ठरते.

मल काळा होणे हे जठरातील रक्तस्रावाचे लक्षण आपण सर्व जाणतो. पण तोच रुग्ण आपल्याकडून मंडूर वा लोहभस्म घेत असेल तर मल तसाही काळसर होतो. लोहाने होणारा मल हिरवट-काळा व बांधलेला असतो. रक्ताचा मल डांबरासारखा चकचकीत, चिकट आणि उग्र दुर्गंधीचा असतो. शंका राहिल्यास लोह थांबवून मलपरीक्षा करावी. व्यवहारात सोपा मार्ग असा की ॲस्पिरिन अथवा ॲसिनोकुमेरॉल घेणाऱ्या पांडुरुग्णास लोहकल्प देण्यापूर्वीच मलपरीक्षा करून घ्यावी. पांडूचे मूळ त्या हळूहळू चाललेल्या रक्तस्रावातच असण्याची शक्यता मोठी असते.

डोक्याला मार लागलेला असा रुग्ण कितीही ठणठणीत दिसला तरी त्यास घरी धाडू नये. मेंदूभोवती हळूहळू साकळणाऱ्या रक्ताची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, डोकेदुखी व झोपाळूपणा या रूपाने प्रकट होतात. आणखी दोन उपद्रव क्वचित दिसतात, पण वैद्यास ठाऊक असावेत. वॉरफेरिन सुरू केल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत स्तन, पोट वा मांडी अशा मेदयुक्त जागी त्वचा दुखरी, जांभळी व नंतर काळी पडू शकते. हा कुष्ठाचा वा विसर्पाचा प्रकार नव्हे, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन त्वचा मृत झालेली असते. रुग्णालयातून हेपॅरिन घेऊन परतलेल्या रुग्णाचा पाय पाच-दहा दिवसांत सुजला तर त्याच्या प्लेटलेट मोजाव्यात. या औषधाने काहींच्या प्लेटलेट एकाएकी घटतात आणि आश्चर्य असे की त्यांना रक्तस्राव न होता गुठळ्या होतात.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

२००८ मध्ये जगभर गाजलेले हेपॅरिनचे प्रकरण आपल्या निर्मात्यांनी अभ्यासावे असे आहे. डुकराच्या आतड्यांपासून काढल्या जाणाऱ्या या औषधाच्या कच्च्या मालात रासायनिक बदल केलेले कॉन्ड्रॉइटिन मिसळले गेले होते. ते स्वस्त होते आणि त्या काळच्या प्रमाणित चाचण्यांत खऱ्या हेपॅरिनसारखेच दिसत होते. अमेरिकेत अनेक रुग्णांस तीव्र प्रतिक्रिया येऊन काहींचा मृत्यू झाला. मोठ्या, नियंत्रित उद्योगात असे घडू शकते, तर व्यापाऱ्याच्या शब्दावर पोती उतरवून घेणाऱ्या आपल्या औषधालयांनी काय समजावे? सांधेदुखीवरील निनावी चूर्णांत स्टेरॉइड व वेदनाशामके मिसळलेली वारंवार सापडली आहेत. ॲसिनोकुमेरॉल घेणाऱ्या रुग्णास असे चूर्ण पोहोचले तर जठरातील रक्तस्राव अटळ म्हणावा लागेल. निर्माता, घटक व बॅच क्रमांक नसलेले कोणतेही चूर्ण दुकानात ठेवू नये. गंधपुरा असलेल्या तेलाच्या वेष्टनावर 'रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने वापरावे' एवढी ओळ मराठीत छापण्यास खर्च येत नाही.

केसपेपरवर वय व वजनाच्या शेजारी 'रक्त पातळ करणारी गोळी : आहे / नाही, नाव, शेवटचा आयएनआर व दिनांक' असा एक रकाना छापून घ्यावा. आमच्या परिचयातील काही वैद्यांनी तो रबरी शिक्क्याने सुरू केला, तोही पुरतो.

आपल्या कल्पामुळे अथवा दोन्ही औषधांच्या संयोगाने उपद्रव झाल्याचा संशय आला तर तो कळवण्याची व्यवस्था आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठीचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झाला. आता त्याचे राष्ट्रीय समन्वय नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे आहे. कळवणाऱ्याने कारण सिद्ध केले पाहिजे अशी अट नाही, संशय पुरेसा असतो. कल्पाचे नाव, निर्माता, बॅच क्रमांक, सुरू केल्याचा दिनांक, सोबतच्या आधुनिक औषधांच्या मात्रा आणि उपद्रवापूर्वीचा व नंतरचा आयएनआर एवढे लिहावे. रुग्णाजवळ उरलेले औषध त्याच्याकडून मागून घ्यावे आणि मूळ वेष्टनासह जपून ठेवावे, म्हणजे पुढे प्रयोगशाळेत तपासता येते.